माझ्या नावावर चढलेलं काम

इरा आणि नील,

मागच्या महिन्यात तुमच्या बाबानं व्हिडिओ कॉलवर मला इराच्या वर्गातलं पोस्टर दाखवलं. वर इंग्रजीत 'माझी आजी' असं लिहिलेलं आणि मधोमध माझा फोटो. कडुलिंबाखाली मी उभी आहे, दोन्ही बाजूंना लुगडी-साड्या नेसलेल्या बायका आहेत, मागे कॉलेजचा बॅनर आहे. इरानं इंटरनेटवर माझं नाव टाकलं तेव्हा तिला हा फोटो सापडला. त्याखाली तिनं लिहिलं की माझी आजी कापसाच्या कारखान्यातल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवत असे. तिच्या बाईंनी त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली. मग इरानं विचारलं, "आजी, तुझ्या बाजूच्या बाईनं तोंड का झाकलंय?"

मी म्हणाले, ऊन असेल. तुमची शाळेची वेळ झाली होती, आणि जे सांगायला हवं होतं ते तेवढ्या वेळात सांगण्यासारखं नव्हतं. त्यानंतर या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. निवृत्तीनंतर तुम्ही जे कॉम्प्युटरचं काम करत होतात त्यावर लिहा, म्हणाले. म्हणून ते उत्तर आता इथे लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तेव्हा बाबाला वाचून दाखवायला सांगा.

पोस्टरवर लिहिलेलं काम मी कधीही केलेलं नाही. मी केलेलं काम वेगळं होतं. ते आधी सांगते.

अकोल्याच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या घरी राहायला आले. तुमचा बाबा परदेशी जाताना त्याचा कॉम्प्युटर आणि स्कॅनर ठेवून गेला होता. त्यावर मी तुम्हाला पत्रं लिहायची आणि विजेचं बिल भरायची, त्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. एक दिवस कॉलेजातले गावंडे सर दारात उभे. हातात संत्र्यांची पिशवी आणि खिशात पेन ड्राइव्ह. गावंडे सर इतिहास शिकवायचे, पण इतिहासापेक्षा कॉलेजच्या इतर भानगडीच त्यांच्या गळ्यात जास्त असत.

"मॅडम, मानांकनवाले येऊन राहिले," ते म्हणाले. "सगळं साइटवर टाका लागते. आपल्या कॉलेजचं नेट म्हणजे तुमाले माहीतच हाये. चकरी फिरते न् फिरतच राहते. आन् आमचं इंग्रजी पाहून थे लोक वापस पाठवून देतात."

मानांकन म्हणजे कॉलेजची परीक्षा. काही वर्षांनी एक समिती येते आणि कॉलेजला श्रेणी देते. त्याआधी कॉलेजनं मधल्या वर्षांत काय काय केलं ते पुराव्यानिशी एका संकेतस्थळावर चढवावं लागतं. तिथे ओळीनं चौकटी असतात. समाजासाठी काय केलं, पर्यावरणासाठी काय केलं, माजी विद्यार्थ्यांनी काय दिलं, माजी प्राध्यापकांनी काय केलं. चौकट रिकामी राहिली की तेवढे गुण गेले. भरली की मिळाले. आत जे आहे ते खरं किती, हे विचारणारी चौकट नव्हती.

माझं काम असं की आलेला मजकूर नीट इंग्रजीत लिहायचा, सोबतचे कागद स्कॅन करायचे, फोटो जोडायचे, सगळ्याची एक पीडीएफ करायची आणि ती योग्य चौकटीत चढवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण फाइल ठरावीक आकारापेक्षा मोठी असली की साइट घेत नाही. लहान करायला गेलं की फोटोतली माणसं धुरकट होतात. फाइलच्या नावात मोकळी जागा सोडली तर चालत नाही. अर्ध्यात वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. मी इन्व्हर्टर घेतला. सकाळी चहाच्या आधी बसायची, कारण तेव्हा बाकीची कॉलेजं झोपलेली असत आणि साइट हलकी चाले. प्रत्येक फाइलला तारीख, विभाग, कार्यक्रम अशा क्रमानं नाव द्यायची. माझी एकही फाइल परत आली नाही. हे मी आजही मान वर करून सांगते, कारण त्या सगळ्या प्रकरणात मान वर करून सांगण्यासारखं तेवढंच आहे.

आता बॅनरबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्याकडे कार्यक्रम झाला की नाही हे बॅनरवरून ठरतं. शंभर झाडं लावा, पण मागे बॅनर नसेल तर झाडं लागली नाहीत. आणि बॅनर असेल तर झाड नसलं तरी चालतं. फोटोही साधा चालत नाही, जिओटॅग फोटो लागतो. म्हणजे फोनमधलं एक ॲप फोटोखाली आपोआप गावाचं नाव, अक्षांश-रेखांश आणि वेळ छापतं. खोटेपणा करता येऊ नये म्हणून ही सोय. तिच्यावर उपाय निघायला वेळ लागला नाही. मंडपवाल्याकडून एकदम पाच बॅनर आणायचे, एकाच सकाळी पाचही कार्यक्रम उरकायचे. बायकांनी मध्ये ओढणी बदलायची, सरांनी जाकीट काढायचं. अक्षांश खरा, रेखांश खरा, वेळही खरी.

एकदा तीन वर्षांच्या वृक्षारोपणाचे तीन फोटो माझ्याकडे आले. तिन्हींत खड्डा तोच, रोप तेच आणि मागे कुंपणाशी तीच शेळी. मी गावंडे सरांना फोन केला.

"सर, तीन वर्षांत शेळी मोठी झाली नाही."

"मॅडम, तुमी शेळी कायले पाहता? थे लोक शेळी नाई पाहत."

"मी पाहिली ना."

"मंग कापून टाका."

"शेळी?"

"फोटोतून हो, मॅडम." आणि स्वतःच हसत सुटले. त्यांच्याबरोबर मीही हसले. त्या फाइली मी परत पाठवल्या. त्या दुसऱ्या कुणीतरी चढवल्या. शेळीसकट.

गावंडे सर वाईट माणूस नव्हते. घरी कुणी आजारी असलं तर रात्रीबेरात्री धावून येणारे. पण चौकट रिकामी दिसली की त्यांना चैन पडत नसे.

रेखा तायडे माझ्याकडे पहिल्यांदा आली ती याच दिवसांत. ती कॉलेजात मराठी शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे कायम नोकरी नाही. जेवढे तास घ्याल तेवढा मोबदला, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते जूनमध्ये कळणार. शिकवायचे तास कायम प्राध्यापकांइतकेच, उत्तरपत्रिका त्यांच्यापेक्षा जास्त. घर अकोटजवळच्या खेड्यात, भाजी पिकवणाऱ्या कुटुंबातली. अकोल्याहून एसटीनं अमरावतीला आली, बसल्या बसल्या घाम पुसला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या कामाची फाइल करून द्याल का? मराठीत लिहून आणलं हाये. तुमी इंग्रजीत कराल तर बरं होईन."

काम असं होतं. अकोटला जिनिंग आहेत, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून गाठी बांधायचे कारखाने. हंगामात तिथे बायका कापूस निवडायला जातात. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळात रेखा तिथल्या फाटकाबाहेर जायची आणि झाडाखाली बसून त्या बायकांना वाचायला शिकवायची. पाटी-अंकलिपी तिनं पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवली होती. औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, खताची पोती, एसटीच्या पाट्या, असं जे त्यांच्या हाताखालून आणि डोळ्यांसमोरून जातं तेच वाचायला शिकवायची. ती हे तीन हंगाम करत होती आणि कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं.

"फोटो?" मी विचारलं. या धंद्यात तोच पहिला प्रश्न.

"फोटो नाई, मॅडम. त्यांनी काढू देला नाई. म्हणतात, या वयात पोरींसारखं वाचून राहिलो, जावयानं पाहिलं तर काय म्हणन. मी शब्द देला, फोटो नाई काढत. आवाज हाये."

तिनं फोन पुढे केला. परतीच्या बसमध्ये ऐकून कुणाचं काय चुकतं ते पाहायला ती बायकांचं वाचन ध्वनिमुद्रित करायची. मी ऐकलं. मागे यंत्रांची घरघर, कुणीतरी डबा उघडतंय, आणि शांताबाई नावाच्या एक बाई एसटीची पाटी वाचताहेत. बसची पाटी रेखानं पुठ्ठ्यावर लिहून नेली होती.

"प... र... पर. त. परत. वा... मले नका सांगू कोणी. परतवा... डा. परतवाडा."

"हां, मावशी. आता ही?"

"थांब ना माय. परतवाडा वाचू दे अजून एक डाव."

शांताबाईंची लेक परतवाड्याला दिली होती. दर खेपेला स्टँडवर कुणाला तरी विचारावं लागायचं की ही गाडी कुठे जाते. एकदा एका टवाळखोरानं मुद्दाम भलत्याच गाडीत बसवून दिलं होतं. ध्वनिमुद्रणात शेवटी त्या म्हणतात, "आता मले कोणाले इचाराचं काम नाई." आणि मागे सगळ्या बायका हसतात.

इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर आलेला खरा पुरावा हा एकच. मी चौकट उघडून पाहिली. साइट पीडीएफ घेत होती, फोटो घेत होती. आवाज घेत नव्हती.

रेखाला ती फाइल हवी होती त्याला कारण होतं. कॉलेजात मराठीची कायम जागा निघणार होती. मुलाखतीला समाजकार्याचे गुण असतात, आणि समितीसमोर साइट उघडलेली असते. तिथे तिचं नाव दिसलं तर तिचं पारडं जड होणार होतं. बाकी पदव्या, नेट परीक्षा, सगळं तिच्याकडे होतं. मी गावंडे सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बायकाईले कॉलेजात बोलवा. बॅनर मी आणतो. एक फोटो, खतम."

रेखानं बायकांना विचारलं. फोटो म्हटल्यावर त्या आधी नाही म्हणाल्या. मग शांताबाईंनीच विचारलं, "फोटोनं तुही नोकरी पक्की होते का?" रेखा म्हणाली, होऊ शकते. "मंग चाल," त्या म्हणाल्या. "जावयाचं पाहून घेऊ."

त्या रविवारी मी काही कागद घेऊन अकोल्याला गेले होते. कॉलेजच्या आवारात बायका आल्या होत्या, चांगल्या साड्या नेसून, डोक्याला तेल लावून. बॅनर दोन कडुलिंबांच्या मध्ये बांधलेला. गावंडे सर म्हणाले, "मॅडम, तुमी मधात उभ्या राहा. सिनियर माणूस दिसलं पाह्यजे." मी म्हटलं, रेखा उभी राहील. पण ते जिओटॅगचं ॲप रेखाच्याच फोनमध्ये होतं आणि ते दुसऱ्या कुणाला नीट चालवता येत नव्हतं. रेखा म्हणाली, "राहा ना मॅडम, मी काढते. माझं नाव फाइलीत हायेच." फोटो निघण्याच्या क्षणी शांताबाईंनी पदर तोंडावर ओढला. इरा, तू विचारलंस त्या याच. ऊन नव्हतं. जावई होता.

मी फाइल केली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत रेखाचं नाव, पद आणि तिनं केलेलं काम. माझं नाव कुठेच नव्हतं. समाजासाठी केलेल्या कामाच्या चौकटीत ती चढवली, चढल्याची पोच आली, तिला कळवलं. त्यानंतर कॉलेजनं सगळं काम ऑफिसात घेतलं आणि पासवर्ड बदलला. शेवटी असं करतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मुलाखत झाली त्या दुपारी रेखाचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"मॅडम, समितीतल्या सरांनी साइट उघडून पाहिली. म्हणे, हे काम तर तुमच्या माजी प्राध्यापिकांचं हाये. त्यांचं नाव हाये, त्यांचाच फोटो हाये. तुमी यात कुठं होत्या? फोटो काढायले होत्या का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. फोटो मीच काढला."

मी साइट उघडली. नुसतं पाहायला पासवर्ड लागत नव्हता. फाइल दुसऱ्या चौकटीत होती. माजी प्राध्यापकांचं योगदान, ती चौकट शेवटपर्यंत रिकामी राहिली होती. समाजकार्याच्या चौकटीत बॅनरवाले कार्यक्रम भरपूर होते, तिथे एक कमी झाला तरी फरक पडत नव्हता. माझ्या फाइलीचं पहिलं पान काढून दुसरं लावलं होतं. त्यावर माझं नाव, आणि पुढे 'मानद समन्वयक' असं पद. असं पद मला कधी कुणी दिलं नव्हतं. त्या पानावरचं इंग्रजी चुकीचं होतं, म्हणजे ते मी लिहिलं नाही हे उघड होतं. पण ते ओळखणार कोण.

मी प्राचार्यांना फोन केला. ते अतिशय आदरानं बोलले.

"मॅडम, तुमचं नाव मोठं आहे. कॉलेजला त्याचा उपयोग झाला."

"काम रेखाचं आहे."

"काम कॉलेजचं आहे. आणि पोर्टल आता बंद झालंय, बदल होत नाही."

"मग कॉलेजच्या स्वतःच्या साइटवर तरी तिचं नाव टाका."

"दोन ठिकाणी दोन नावं दिसली तर ताळमेळ बसणार नाही. उद्या कोणी खोटेपणाचा आरोप करेल."

खोटेपणाचा आरोप टाळण्यासाठी खोटं नाव ठेवायचं, हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. मी लेखी तक्रार पाठवली. पोचही आली नाही. गावंडे सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, वरून सांगतलं तसं केलं. तुमचं काय वाईट झालं त्यात? नाव तर चांगल्याच कामाले लागलं."

कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. सत्काराचं बोलावणं आलं, मी गेले नाही, तर शाल आणि स्मृतिचिन्ह एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलं. शाल प्लास्टिकमधून अजून काढलेली नाही. त्यानंतर मी कुणाचीही फाइल चढवली नाही. गावंडे सर एकदा संत्री घेऊन आले होते. चहा दिला, पेन ड्राइव्ह परत दिला.

रेखाला पुढच्या जूनमध्ये तास दिले नाहीत. कारण विचारलं तर, तासच नाहीत. ती आता वरूडला एका संत्र्यांच्या व्यापाऱ्याकडे आहे. कुठल्या ट्रकमधून किती पेट्या कुठे गेल्या ते कॉम्प्युटरवर भरते. जिनिंगच्या फाटकाबाहेर आता कुणी जात नाही. शांताबाईंनी तिला एकदा फोन करून विचारलं होतं, "काहून वं, फोटोनं नाई झालं का?" रेखानं त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी तिला फोन केला. तिचं नाव छापणार आहे, असं सांगितलं. निदान कुठेतरी शाईनं ते एकदा उमटावं, एवढंच माझ्या मनात होतं. पलीकडे पेट्यांना खिळे ठोकल्याचे आवाज येत होते.

"मॅडम, नाव नका टाकू."

"का गं?"

"परतवाड्याच्या कॉलेजात जागा निघाली हाये. अर्ज केला म्या. तिथल्या निवड समितीत आपले प्राचार्य बसणार हायेत, असं ऐकलं."

"पण बाकीचं वाचून त्यांना कळणारच, हे तुझ्याबद्दल आहे."

"समजू द्या. नाव नसलं तर समजलं असं दाखवता येत नाई त्यांना. नाव असलं तर दाखवा लागते."

"मग नावाच्या जागी काय लिहू?"

"काहीही लिहा, मॅडम. मले सवय हाये."

म्हणून रेखा तायडे हे तिचं नाव नाही. ते मी ठेवलेलं आहे. तिच्या कामावर माझं नाव होतंच, आता तिच्यावरही मीच दिलेलं नाव आहे. संपादकांनी लेखासोबत काम करतानाचा फोटो मागितला होता. तसा माझा एकच फोटो जगात आहे, आणि तो मी पाठवलेला नाही.

इरा, तुला रविवारी फोन करीन तेव्हा तिचं खरं नाव सांगेन. कागद-पेन घेऊन बस, एकेक अक्षर सांगते. पोस्टरवर माझ्या नावावर रेघ मार आणि तिथे ते लिही. 'माझी आजी' हे शब्दही खोड. चांदणी काढू नकोस. तुझ्या बाईंनी विचारलं तर सांग की जिला मिळायला हवी होती तिलाच ती मिळाली आहे. तिकडे ते नाव कुणीही वाचलं तरी तिचं काही बिघडणार नाही. इथे ते लिहायला मला जागा सापडली नाही.

तुमची,
आजी